सामानापाशी कुणीतरी हवं

जगातलं कुठलंही काम चार माणसांत बसवता येतं असं मानणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि नेमका तो माझा साडू आहे. साडू हे नातंच मोठं चमत्कारिक. बायको आपण पाहून करतो, सासू-सासरे तिच्यासोबत रीतसर येतात, पण साडू म्हणजे धाकट्या मेहुणीने आपल्याला न विचारता पसंत करून थेट आपल्या शेजारच्या पाटावर आणून बसवलेला गृहस्थ. बसवलेला म्हणालो खरा, पण आमचा साडू बसत नाही. स्वतःच्या लग्नात भटजींनी त्याला तीनदा खांद्याला धरून खाली दाबल्याचं मी या डोळ्यांनी पाहिलंय. पंगतीत तो मीठ वाढायला म्हणून उठतो आणि परत येतो तोवर त्याचं ताट उचललेलं असतं. लोणावळ्याला बाजाराच्या मागे त्याचं घर आहे. तिथे त्याच्या कामासाठी म्हणून एक चांगली फिरती खुर्ची घेतलेली आहे, आणि तिच्यावर मेहुणी इस्त्रीचे कपडे ठेवते. ‘उठायला सांगावं लागत नाही कुणाला,’ असं तिचं म्हणणं.

हा करतो काय, हे सांगताना आमच्या अख्ख्या कुटुंबाची तारांबळ उडते. तो कॉम्प्युटरवरचे खेळ लिहितो. टिकोणा गडाच्या पायथ्याला, टिकोणा पेठेत आमचे सासरे राहतात. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. लग्न ठरताना आबांनी हे ऐकलं आणि शांतपणे विचारलं, ‘‘खेळ खेळत्यात, पावनं. लिवत्यात कुटं?’’ त्यावर साडूने त्यांना उभ्याउभ्या अर्धा तास समजावून सांगितलं. राक्षस असतात, जादूगार असतात, पडके किल्ले असतात. खेळणारा माणूस असतो नायक. पण नायक एकटा जात नाही, त्याला वाटेत सोबती भेटतात. कुणी तलवारवाला, कुणी जडीबुटीवाली, कुणी चोर. असे पुष्कळ सोबती गोळा होतात, पण मोहिमेवर जाताना त्यातले फक्त तिघं बरोबर नेता येतात. नायक धरून चार. बाकीचे तळावर शेकोटीपाशी बसून राहतात. हे सोबती घडवायचे, ते काय बोलतील, कशाला चिडतील, एकमेकांना काय टोमणे मारतील हे ठरवायचं, ते याचं काम. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘आन् ज्ये मागं ऱ्हात्यात त्यांनी काय करायचं?’’ ‘‘बसतात, आबा,’’ एवढं म्हणून साडू पुन्हा राक्षसांकडे वळला. पुढे त्याच प्रश्नाने माझी झोप उडवली, पण ते नंतर.

तर हे लिखाण तो चालत करतो. हातात मोबाइल, त्यात हा बोलतो, मोबाइल ते ऐकून टाइप करतो. लोणावळ्याच्या पावसाळ्यात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, त्यामुळे त्याच्या गॅलरीत कायम ओल्या कपड्यांच्या तीन दोऱ्या असतात. त्यांच्या खालून हा इकडून तिकडे फेऱ्या मारतो आणि पाळीपाळीने चेटकिणीच्या आणि शिलेदाराच्या आवाजात भांडतो. बारा महिने तेरा काळ त्याचं डोकं दमट असतं. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी एकदा मेहुणीला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, ‘‘घरी काही त्रास आहे का हो?’’

पण खरा छळ म्हणजे ती चौकडी. खेळातली चौकडी त्याने घरात आणली. त्याच्या हिशेबी कुठल्याही कामाला चार माणसं लागतात: एक पुढे उभं राहून मार खाणारा, एक लांबून नेम धरणारा, एक पडलेल्याला उभं करणारा आणि एक बंद दारं उघडणारा. रविवारी लोणावळ्यात मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागलेली असते, तेव्हा रस्ता ओलांडून पलीकडे भाजी आणायला जायचं म्हटलं तरी हा आम्हाला रांगेत उभं करतो. ‘‘दादा, तुम्ही पुढे. तुमच्या चेहऱ्याकडे बघून गाड्या थांबतात.’’ मला तो दादा म्हणतो. आता याला मी स्तुती समजू की काय समजू? बरं, गाड्या थांबतात हेही खरं. धबधब्याकडे निघालेली कॉलेजची पोरं दिसली की हा लांबूनच मान हलवतो. ‘‘चारही पुढे पळणारेच आहेत, दादा. उचलणारं कुणी नाही. यांच्यातला एक आज पाय मुरगाळणार.’’ आणि तासाभरात त्यातला एक लंगडत, दोघांच्या खांद्यावर हात टाकून परत आला की माझ्याकडे असा बघतो की जणू मीच पैज लावली होती!

दुसरं खूळ मर्जीचं. खेळात म्हणे प्रत्येक सोबत्याची नायकावर किती मर्जी आहे ते आकड्यात असतं. त्याला आवडेल असं वागलं की वाढते, नाही तर उतरते, आणि फारच उतरली तर सोबती गाठोडं उचलून कायमचा निघून जातो. साडू हे आमच्यावर चालवतो. त्याच्याकडे एक लांबट वही आहे, तीत नातेवाइकांची पानं आहेत. आबांना स्वेटर दिला, आबा म्हणाले, ‘‘बैलाला झूल का?’’ की लगेच हा तोंडातल्या तोंडात ‘‘उणे पाच’’ म्हणून वही काढणार. आमच्या सासूबाईंची बहीण जवळच कान्हे गावात असते. सासूबाई गेल्यापासून सगळ्यांची आई तीच. या कान्ह्याच्या मावशींच्या पायाला काटा लागला आणि याने तो अलगद काढला, त्या दिवशी पंधरा वाढले होते. आता मी स्टोअरचा माणूस. आंबी गावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, आणि माझ्या स्टोअरमधून चिठ्ठीवर सहीशिवाय साधा वायसर बाहेर जात नाही. दुसऱ्याची वही बघू नये हे मला कळतं. पण एकदा ती टेबलावर उघडी पडली होती आणि हा गॅलरीत फेऱ्या मारत होता, तेव्हा मी बघितली. आबांची चार पानं. मावशींची तीन. समोरच्या इमारतीतल्या बाईंचंसुद्धा एक पान. माझं पान नव्हतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली, नव्हतंच. मला काय फरक पडतो म्हणा! पण आठवडाभर मी त्याचा फोन उचलला नाही.

‘‘माणूस बसला की ठरवून बोलतो, चढणीला लागला की खरं बोलतो,’’ असा त्याचा सिद्धांत आहे. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी रविवारी सगळ्यांनी पेठेत आबांकडे जमायचं, डबे ओट्यावर ठेवायचे आणि टिकोणा चढायचा, अशी प्रथाच त्याने पाडली. चौकडी तिथेच ओट्यासमोर ठरायची. मेहुणी पुढे, माझी बायको मागे, मावशी मधे, कारण पडलं-झडलं तर हळद त्यांच्याकडे, आणि हा सगळ्यांच्या मागे-पुढे मोबाइल धरून. सगळे वर गेले की मी ओट्यावर पिशव्या एका रांगेत लावायचो, चपला जोडीने ठेवायचो आणि बसायचो. आबांची गुरंढोरं, त्यांची कामं चालू असायची. लग्न झाल्यापासून आमचा हा शिरस्ता. साडू येण्याआधीही, जेजुरी असो की कार्ल्याची एकवीरा, मी पायथ्याशीच. ‘‘सामानापाशी कुणीतरी हवं,’’ मी म्हणायचो, आणि सगळे ‘‘हो, ते आहेच’’ म्हणून निघायचे.

मग एका रविवारी लोणावळ्याला त्याने आम्हाला त्याचा नवा खेळ दाखवला. अजून अर्धामुर्धाच होता, पण शेकोटी पेटली होती आणि भोवती सहा सोबती होते. एक म्हातारा वाटाड्या होता, त्याला काहीही विचारलं की तो ‘आदी बसा’ म्हणायचा आणि समोरच्याने पाणी प्यायल्याशिवाय रस्ता सांगायचा नाही. एक जडीबुटीवाली होती, ती जखमी माणसाला म्हणत होती, ‘मर की मंग! पर आदी ही हळद पी.’ आम्ही पोट धरून हसत होतो. एवढ्यात कडेला पोत्यावर बसलेला एक जाडजूड माणूस दिसला. हातात ढाल, कानाला पेन्सिल. नायक त्याच्यापाशी बाण मागायला गेला, तर तो वर न बघता म्हणाला, ‘‘कशाला हवेत? मागच्या खेपेचे परत आले का? सही कुणाची?’’ माझ्या बायकोला ठसका लागला तो थांबेना. मी म्हटलं, ‘‘हा कोण?’’ साडू खिडकीकडे तोंड करून म्हणाला, ‘‘भांडारी आहे तो, दादा. काल्पनिक.’’ काल्पनिक! त्याचं पोटसुद्धा माझं होतं.

मी रागावलो. रागवायला नको का माणसाने? घरी येईपर्यंत गाडीचा हॉर्न मी प्रत्येक वळणावर वाजवला. पण दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये एकाने चिठ्ठीशिवाय हातमोजे मागितले, मी म्हटलं, ‘‘सही कुणाची?’’ आणि माझं मलाच हसू आलं. त्यानंतर मी साडूला फोन करायला लागलो. नुसतं चुका दाखवायला हं! ‘‘हे बघ, तो भांडारी ‘धन्यवाद’ म्हणाला. असा माणूस धन्यवाद म्हणत नाही. तो फार तर ‘ठीक आहे’ म्हणेल.’’ ‘‘आणि ढाल अशी चिखलात टेकवून ठेवणार नाही तो. खाली गोणपाट अंथरेल.’’ साडू पलीकडे चालता चालता ‘‘बरोबर, बरोबर’’ म्हणायचा, मागे ओल्या कपड्यांचा फटफट आवाज यायचा. महिनाभर मी अशा सुखात होतो की काय सांगू. जेवताना मी बायकोला विचारायचो, ‘‘त्या खेळाचं काय झालं?’’ ती म्हणायची, ‘‘कालच विचारलंत.’’

आणि एके दिवशी ती धाकट्या बहिणीशी फोनवर बोलून आली आणि तिने न मागता माझ्यापुढे चहा ठेवला. खूप विचारलं तेव्हा म्हणाली की कंपनीने सहातला एक सोबती कमी करायला सांगितलाय. काम वेळेत होत नाही. दोन आठवड्यांत याने नाव द्यायचं, नाही तर साहेब आपल्या मनाने एक काढणार. ‘‘मग?’’ मी म्हटलं. ‘‘मग काय... भांडाऱ्याचं नाव आहे.’’ मी म्हटलं, ‘‘का बरं?’’ बायकोने माझ्याकडे न बघता कोथिंबीर निवडायला घेतली. ‘‘खेळून बघणाऱ्यांना दिला होता म्हणे खेळ. सगळे त्याला एकदाच बरोबर नेतात, मग तळावरच ठेवतात. त्याला कुणी नेतच नाही.’’

हे वाक्य माझ्यामागे लागलं. स्टोअरमध्ये फळ्या मोजताना तेच, अंघोळ करताना तेच. त्याला कुणी नेतच नाही. मी आठवायला लागलो. जेजुरी, एकवीरा, टिकोणा. ‘सामानापाशी कुणीतरी हवं’ असं मी म्हटल्यावर आजपर्यंत एकदा तरी, कुणी तरी, ‘राहू दे हो सामान, तुम्ही चला’ असं म्हटलं होतं का? बायकोने? मेहुणीने? आठवेना. मी रात्री अंथरुणात उठून बसलो तर बायको म्हणाली, ‘‘ॲसिडिटी?’’ मी म्हटलं, ‘‘हो.’’ तिकडे साडूची अवस्था माझ्याहून वाईट होती. मेहुणी सांगत होती की हा गॅलरी सोडून आता स्टेशनपर्यंत फेऱ्या मारतोय, कुणी ओळखीचा भेटला तर त्याच्याशी भांडाऱ्याच्या आवाजात बोलतोय. मला मात्र त्याने एका शब्दाने सांगितलं नाही. फोन केला की नुसतं ‘‘दादा, गोणपाट अंथरलं बरं का.’’ ते ऐकून मी फोन ठेवायचो आणि फळ्या पुन्हा पहिल्यापासून मोजायचो.

मी ठरवलं की माणूस बदलू शकतो हे याला दाखवून द्यायचं. पुढच्या रविवारी पेठेत ओट्यासमोर चौकडी ठरत होती, तेव्हा मी चपला काढून बूट घातले आणि म्हणालो, ‘‘मी वर येतोय.’’ बायको म्हणाली, ‘‘आणि सामान?’’ बघा! पहिला प्रश्न सामानाचा! मी म्हटलं, ‘‘राहू दे सामान.’’ आबा गोठ्यातून हात पुसत बाहेर आले. ‘‘जावयबापू, तुमी वर येताय व्हय? मंग म्या बी येतो. लय दिस झालं वर गेलतो त्याला.’’ आणि अशा रीतीने ओट्यावर कुणालाही न ठेवता आमची सहा जणांची चौकडी निघाली. साडू एवढा खूश झाला की पहिल्या वळणापर्यंत तो उलटा चालत होता, तोंड आमच्याकडे करून.

चढताना मी कुरकुर करायची नाही असं ठरवलं होतं. ते दहाव्या मिनिटापर्यंत टिकलं. पुढे मी पायऱ्यांची उंची, उन्हाची दिशा, आबांचा वेग आणि माझ्या बुटांची कंपनी या सगळ्यांचा समाचार घेतला. शेवटच्या खड्या पायऱ्यांवर मी दोराला धरून मधेच थांबलो आणि म्हणालो, ‘‘या बांधणाऱ्याने कुणाची सही घेतली होती?’’ मागून साडूचा हात मोबाइलसकट माझ्या कानाशी आला. मावशी म्हणाल्या, ‘‘चढा, चढा, मी हाय मागं. पडलात तर माज्यावरच पडशीला.’’ आणि वर पोचलो. काय सांगू तुम्हाला! इतकी वर्षं ज्या गडाच्या पायथ्याशी बसलो, त्याच्या माथ्यावरून पवनेच्या धरणाचं पाणी असं लांबवर पसरलेलं दिसतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बायको शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘‘दमलात?’’ मी म्हटलं, ‘‘ठीक आहे.’’

साडूने मग खाली बोट दाखवलं. ‘‘दादा, ते आबांचं घर.’’ काडेपेटीएवढं घर, त्याच्या पुढे ओटा, ओट्यावर रंगीत ठिपके. आमच्या पिशव्या. मी माझं सामान एवढ्या उंचावरून प्रथमच पाहत होतो. आणि बघता बघता त्या ठिपक्यांत हलणारे करडे ठिपके मिसळायला लागले.

‘‘वान्रं!’’ आबा ओरडले. पण इतक्या वरून ओरडून वानराला काय कळणार!

आम्ही कसे उतरलो ते देव जाणे. ओट्यावर पोचलो तेव्हा पुऱ्यांचा डबा पालथा होता, बटाट्याची भाजी भिंतीला होती, श्रीखंडाचं भांडं चाटूनपुसून लखलखीत होतं. मावशींचं नेसायचं लुगडं कौलांवर वाळत घातल्यासारखं पसरलं होतं. आणि समोरच्या आंब्यावर एक थोराड वानर माझ्या गाडीची किल्ली उलटसुलट करून बघत बसलं होतं. अगदी माझ्यासारखंच, आलेला माल तपासून घेत. आबांनी घरातून केळी आणली, पुष्कळ विनवण्या केल्या, तेव्हा कुठे त्याने ती किल्ली शेणात टाकली.

सगळे भुकेले, दमलेले, धुळीने माखलेले. वानरांवर ओरडून झालं, आणि मग एकेक जण माझ्याकडे वळला. बायको म्हणाली, ‘‘तुम्हाला आजच काय सुचलं हो वर यायचं?’’ मेहुणी म्हणाली, ‘‘भावजी, तुम्ही असताना आजवर साधी मांजर नाही आली ओट्यावर!’’ मावशींनी तर कमरेवर हातच ठेवले. ‘‘तुमी कशापायी गेलता वर? तुमी हितं असता तर ही झालं असतं का? आमी समदी कुनाच्या जिवावर वर जातो? तुमच्याच ना?’’ बोलणी खाताना इतकं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं. मी मान खाली घालून उभा राहिलो, कारण वर केली असती तर सगळ्यांना कळलं असतं.

साडू अंगणाच्या मधोमध उभा होता. फेऱ्या नाहीत, मोबाइल नाही. एकदा ओट्याकडे बघत होता, एकदा माझ्याकडे. मग एकदम ओरडला, ‘‘दादा! तळ!’’ आणि रस्त्याने धावतच सुटला. ‘‘ह्येला वानर चावलं का काय?’’ आबा म्हणाले. तो धावत गेला होता ते मोबाइलला रेंज मिळते त्या वळणापर्यंत, साहेबांना फोन लावायला. रविवार होता, त्याचंही भान नाही.

भांडारी राहिला. सहाचे सहाच राहिले. साडूने त्याला चौकडीतून काढून तळ त्याच्या ताब्यात दिला, त्याचं मोहिमेवरचं लिखाण कमी झालं आणि काम वेळेत बसलं. आता म्हणे नायकाने हट्टाने भांडाऱ्याला मोहिमेवर नेलं, तर परत येईपर्यंत तळ लुटलेला असतो, अन्न गेलेलं, औषधं सांडलेली. तो तळावर असला तर सगळं जागच्या जागी, आणि आल्या आल्या तो विचारतो, ‘‘किती उशीर? चौघं गेलात, चौघं आलात का? मोजू द्या.’’ खेळून बघणारे आता मोहिमेवरून आले की आधी त्याच्यापाशी जातात, नुसतं ते ऐकायला. हे मला बायकोने सांगितलं. मी म्हटलं, ‘‘ठीक आहे.’’ आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच डबे पुसले. आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘मागं ऱ्हात्यात त्यांनी काय करायचं, त्ये आत्ता कळलं व्हय ह्येला?’’ साडूने लगेच वही काढली. वीस वाढले होते.

मग एवढं सगळं सुरळीत झाल्यावर कंपनीने आपलं काम हैदराबादला हलवलं आणि साडूला तिकडे बोलावलं. चांगली जागा, मोठं काम, नाही म्हणण्यासारखं काही नव्हतंच. जाण्याआधीच्या रविवारी सगळे पेठेत जमलो. डबे ओट्यावर ठेवले. मावशींनी विचारलं, ‘‘आज कोन फुडं, कोन मागं?’’ तर हा म्हणाला, ‘‘आज चौकडी नाही, मावशी. आज सगळे चला.’’ आणि माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘दादा, चला ना. राहू द्या सामान.’’

कुणीतरी म्हटलं. एकदाचं कुणीतरी म्हटलं! आणि मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, ‘‘नको रे. सामानापाशी कुणीतरी हवं.’’ खरंच हवं होतं. आता मला ते ठाऊक होतं.

सगळे निघाले. मी पिशव्या लावल्या, चपला जोडीने ठेवल्या. बघतो तो हा वळणावरून परत येतोय. म्हटलं, ‘‘काय विसरलास?’’ म्हणाला, ‘‘काही नाही.’’ आणि माझ्या उजव्या हाताला, ओट्यावर, बसला. टेकला नव्हे, बसला. मांडी घालून. थोडा वेळ त्याचा गुडघा हलत होता, मग तोही थांबला. मी घड्याळ बघितलं नाही, बघायला धीर झाला नाही. मला त्याला सांगायचं होतं की तू जाऊ नकोस. तू गेलास की ही माणसं आपापल्या घरी बसून राहतील, आणि मला कुणी फोनवर ‘बरोबर, बरोबर’ म्हणणार नाही. हे कसं बोलायचं असतं ते मला येत नाही. मी म्हटलं, ‘‘तिकडे जेवण तिखट असतं म्हणे. पोटाला सांभाळ. ऊठसूट उभ्याने खात जाऊ नकोस.’’

‘‘दहा वाढले,’’ तो पुटपुटला.

तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, ‘‘एकूण किती झाले रे माझे? तुझ्या वहीत तर माझं पानच नाही. मी बघितलंय.’’

तो हसला. समोरच्या आंब्याकडे बघत म्हणाला, ‘‘तुमचे कधी लिहून ठेवले नाहीत, दादा. तुम्ही उठून निघून जाल अशी भीतीच कधी वाटली नाही.’’

मी पिशवीतल्या डब्याचं झाकण घट्ट आहे का ते बघितलं. घट्टच होतं. तरी पुन्हा एकदा बघितलं.

सगळे परत आले तेव्हा आबा अंगणातच थबकले. ‘‘ह्यो बसलाय व्हय?’’ ते मावशींना म्हणाले. ‘‘बरा हाय ना?’’

आता टिकोण्याला जाणं कमी झालंय. दोन-तीन महिन्यांतून कधी तरी मावशी हट्टाने सगळ्यांना जमवतात, सगळे वर जातात, मी ओट्यावर पिशव्या लावतो. परवा मावशींनी निघता निघता त्यांची पिशवी माझ्या उजव्या हाताला ठेवली. मी ती उचलली आणि डावीकडे ठेवली. त्या म्हणाल्या, ‘‘का वो? हितं मोकळंच हाय की.’’

म्हटलं, ‘‘असू द्या मोकळं. तिथं माणूस बसतो.’’